लेकराच्या मेंदूचा एमआरआय करू का नको?

ताई नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातली, कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पहिलीच मुलगी झाली ती सातव्या महिन्यात, २९ आठवड्यांची, वजन ११५० ग्रॅम. ५२ दिवस पेटीत होती, आता घरी आणून २५ दिवस झाले, अडीच किलोची झालीये, दूध चांगलं पिते. तिकडं असताना डोक्याची सोनोग्राफी केली त्यात डाव्या बाजूला ग्रेड टू ब्लीडिंग निघालं, नंतरच्या सोनोग्राफीत विरघळत आलंय म्हणले. आता डॉक्टर म्हणायलेत की ४० आठवडे पूर्ण झाले की मेंदूचा एमआरआय करून घ्या. सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला मशीनीत घातलं की मेंदू तापतो, आणि टाळू भरेपर्यंत डोक्याला काही करायचंच नाही. भाऊ पुण्यात कंपनीत आहे, तो रोज काहीतरी इंग्रजी वाचून पाठवतो की अशा लेकरांचा मेंदू लहान राहतो म्हणून एमआरआयमधे दिसलंय. मालक म्हणतात सोयाबीनचे पैसे आले की करू. मला रातभर झोप नाही. करू का नको?

– एक आई

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एक शब्द शोधत होते, तो काही सापडेना. डोळे. २९ आठवड्यांची मुलगी, ५२ दिवस पेटीत, ऑक्सिजन पण लागलाच असेल थोडाफार, आणि पत्रात डोळ्याच्या तपासणीचं नावच नाही. तू लिहायचं विसरली असशील, देव करो तसंच असो. पण हे वाचायचं थांबव, आधी डिस्चार्ज कार्ड काढ आणि त्यावर आरओपी, म्हणजे लवकर जन्मलेल्या लेकरांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार, असं कुठं लिहिलंय का बघ, आणि लिहिलं असेल तर पुढची तारीख दिलीये का ते पण बघ. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या लेकराच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत एकदा तपासायचा असतो आणि मग पडदा पूर्ण तयार होईपर्यंत डॉक्टर सांगतील तसा पुन्हा पुन्हा. तुझी लेक ७७ दिवसांची झाली. एमआरआय आठ दिवस मागं-पुढं झाला तर काही बिघडत नाही, पण हा आजार असला आणि त्यात आठ दिवस गेले तर नजर जाऊ शकते, आणि वेळेत लेझर नायतर इंजेक्शन झालं तर वाचते. तपासलेलं नसेल तर उद्याच गाडी काढायला सांग, सोयाबीन राहू दे.

आता तुझ्या प्रश्नाकडं येते. मी डॉक्टर नाही, नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून २६ वर्षं काढली, त्यामुळं जे बघितलंय आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकून ऐकून जे कळलंय तेवढं सांगते.

सासूबाईंचं आधी घेऊ, कारण घरात त्यांचंच चालत असणार. एमआरआयमधे एक्सरेची किरणं नसतात, सीटी स्कॅनमधे असतात, लोक दोन्ही एकच समजतात. हे मशीन म्हणजे एक भला मोठा लोहचुंबक, १.५ नायतर ३ टेस्लाचा, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या चुंबकापेक्षा हजारो पटीनं ताकदवान, आणि सोबत रेडिओच्या लहरी. अंगातल्या पाण्याचे कण त्या चुंबकात एका रांगेत येतात, लहरीनं जरा हलवले की परत जागेवर येताना बारीक सिग्नल देतात, त्याचा फोटो बनतो. सासूबाई पूर्ण चुकीच्या पण नाहीत बरं का, त्या लहरींनी अंग थोडंसं कोमट होतं, म्हणून तर मशीनमधे मर्यादा ठरवलेली असते आणि बाळाचं वजन आधी विचारून घेतात. पण मेंदू तापतो वगैरे काही नाही, त्यांना माझं नाव सांगून सांग.

आणि टाळू भरली नाही म्हणूनच तर तुझ्या लेकीची सोनोग्राफी झाली की! हाडातून सोनोग्राफीचा आवाज नीट पलीकडं जात नाही, टाळूच्या मऊ जागेवर जेल लावून तिथूनच आत बघतात, ती खिडकी आहे. वर्ष-दीड वर्षात ती आपोआप बुजते, तेल ओतून लवकर भरत नसते आणि नाही ओतलं म्हणून उघडी पण राहत नसते. हलक्या हातानं डोक्याला तेल लावू द्या त्यांना, त्यांचा पण जीव असतो त्यात, फक्त टाळूवर थापायचं नाही आणि नाकाकानात थेंब पण सोडायचा नाही.

त्या खिडकीतून मधलं सगळं झकास दिसतं, पाण्याच्या पोकळ्या, रक्त उतरलं का, पोकळी फुगली का. ग्रेड टू म्हणजे रक्त पोकळीत उतरलं पण पोकळी फुगली नाही, आणि अशा बहुतेक लेकरांचं पुढं बरं होतं, तीन-चारचं प्रकरण वेगळं. पण मागच्या बाजूचा लहान मेंदू त्या खिडकीपासून लांब पडतो, तिथला बारीक रक्तस्राव सोनोग्राफीत निसटू शकतो, आणि मेंदूतल्या तारांचा जो पांढरा भाग असतो त्यातला पसरट बारीक मार पण निसटतो. एमआरआय हे दोन्ही चांगलं दाखवतो. डॉक्टर म्हणायलेत ते उगी म्हणायले नाहीत.

४० आठवडेच का, तर ते पण सांगते कारण यातच सगळी गंमत आहे. २४-२५ आठवड्यांच्या लेकराचा मेंदू जवळजवळ नितळ असतो, भाकरीला घेतलेल्या उंड्यासारखा, दोन-चार खाचा असल्या तर असल्या. तिथून पुढच्या तीन-चार महिन्यांत वरचा थर आतल्या भागापेक्षा जोरात वाढतो आणि घड्या पडत जातात, ४० व्या आठवड्याला बघावं तर अक्रोड. हे काम पोटात अंधारात व्हायचं, तुझ्या लेकीचं ते पेटीत झालं, लाईट, आवाज, सुया, अलार्म, सगळ्याच्या मधे. म्हणून तिची मूळ तारीख आली की बघायचं की जे काम पोटात झालं असतं ते बाहेर कितपत झालंय. जन्मल्या जन्मल्या बघून तसं कळत नाही.

आणि हा फोटो वाचायला माणूस पण तसाच लागतो. नवजात मेंदूत पाणी फार, तारांवर चरबीचं वेष्टण अजून चढायचं असतं, त्यामुळं मोठ्या माणसाच्या फोटोत जे पांढरं ते इथं काळं दिसतं आणि काळं ते पांढरं. हुरड्यातलं कणीस असतंय ना, दाणा चिकात आलेला, पिळला की दूध निघतं, ते बघून कुणी म्हणलं की ज्वारी बाद आहे तर तुझा सासरा हसंल की नाही? तसंच आहे. रोज गुडघे आणि मणके वाचणाऱ्याकडून रिपोर्ट घेण्यापेक्षा लेकरांचे मेंदू वाचायची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टला दाखवतात का हे विचारून घे, फोटो पाठवून पण वाचून घेता येतात आजकाल.

आता भाऊ. भावाची माया कळते मला, पण तो तुला रात्री अकराला जे पाठवतो ते बंद कर म्हणावं. तो वाचतोय ते खोटं नाही, ते वेगळ्या कामासाठी लिहिलेलं आहे. लंडनमधे डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट म्हणून मोठा अभ्यास झाला, किंग्ज कॉलेज, इंपीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्डवाले मिळून, पोटातल्या २० आठवड्यांपासून ते ४५ आठवड्यांपर्यंत मेंदूत तारा कशा कशा जोडल्या जातात त्याचा नकाशा काढायचा म्हणून, आणि सातशेच्या वर नवजात बाळांचे एमआरआय केले, भूल न देता, दूध पाजून गुंडाळून झोपवून. तो सगळा डाटा त्यांनी जगाला फुकट उघडा करून दिलाय. त्यात पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते पण मोजतात. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळंल, पाणी सरीतून धावतं, वरंबा ओलांडून जात नाही. वरून नुसतं पाणी दिसलं तरी सरी कुठल्या दिशेनं काढल्यात ते सांगता येतं. मेंदूतल्या तारांचं तेच, त्यांच्या लांबीच्या दिशेनं पाणी सहज सरकतं, आडवं सरकत नाही, म्हणून मेंदूला हात न लावता तारा मोजता येतात. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काटा आला होता अंगावर.

अशा अभ्यासांत दिसतं की लवकर जन्मलेल्यांचा मेंदू मूळ तारखेला सरासरीनं थोडा लहान, घड्या थोड्या कमी, तारा थोड्या कच्च्या. सरासरीनं! आपल्याकडं महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, मग मंडळाच्या पर्जन्यमापकात ७० पडला आणि तुमच्या शेतात चार थेंब, नायतर उलटं, तुमचं शेत वाहून गेलं आणि मापकात ४० म्हणून विमा नाही. मंडळाचा आकडा खोटा नसतो, पण तो तुझ्या शेताचा नसतो. भाऊ तुला रोज मंडळाचा आकडा पाठवायलाय.

एकेका लेकरावर पण बघितलंय लोकांनी. २००६ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ३० आठवड्यांच्या आतल्या १६७ लेकरांचे मूळ तारखेला एमआरआय केले आणि दोन वर्षांचे झाल्यावर तपासले. दर पाचात एकाच्या पांढऱ्या भागात मध्यम ते जास्त बिघाड होता, आणि ज्यांचा फोटो जास्त खराब त्यांना पुढं चालण्याबोलण्यात अडचण यायचं प्रमाण पण जास्त निघालं, हे खरं. पण त्यातच फोटो खराब असून बरी निघालेली लेकरं होती आणि फोटो चांगला असून मागं पडलेली पण होती. यामुळंच २०१५ मधे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की लवकर जन्मलेल्या प्रत्येक लेकराचा सरसकट एमआरआय करत बसू नका. दुसरीकडं काही मोठ्या दवाखान्यांत नेमानं करतात. इंग्लंडमधे पाचशेवर लेकरांवर एमआरआय आणि सोनोग्राफी ताडून बघितली, २०१८ ला छापून आलं, तर एमआरआयनं आईची काळजी कमी झाली पण जराशीच, आणि पुढचं भाकीत थोडंसंच बरं आलं, खर्च मात्र वाढला. म्हणजे जगातच एकमत नाही, तुझ्या घरात कुठून होणार.

मग तू काय करायचं. डॉक्टरांना भिडभाड न ठेवता एकच विचार, साहेब रिपोर्ट असा आला तर तुम्ही काय वेगळं कराल आणि तसा आला तर काय? ते म्हणले की लहान मेंदूत काही दिसलं, तारांना मार दिसला तर फिजिओथेरपी आत्तापासून जोरात चालू करू, दर महिन्याला बोलवू, तर त्या एमआरआयला अर्थ आहे. नुसतं आम्ही सगळ्यांचा करतो म्हणले तर अजून एकदा सोनोग्राफी करून आणि डोक्याचा घेर मोजून भागेल का ते विचार. माझं मत विचारशील तर, २९ आठवडे आणि वर ब्लीडिंग झालेलं, भूल न देता होत असेल आणि वाचणारा चांगला असेल तर मी केला असता. कर्ज काढून नसता केला. दोन-तीन महिन्यांच्या पुढं लेकरू असं गुमान पडून राहत नाही, मग भुलीचा विषय येतो, म्हणून करायचाच तर सोयाबीनच्या पट्टीची वाट बघण्यात तीन महिने घालवू नका.

पण खरी भीती मला वेगळीच वाटते. वाईट रिपोर्ट आलेले लोक चकरा मारतात, थेरपी करतात, झोप उडालेली असली तरी येतात. नॉर्मल रिपोर्टवाले गायब होतात. एक कुटुंब आठवतं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून वॉर्डात पेढे वाटले, मी पण खाल्ला, त्यानंतर फॉलोअपला एकदा पण आले नाहीत, आणि दीड वर्षानी आले ते पोरगं आधाराशिवाय बसंना म्हणून. मधले सोन्यासारखे महिने गेले. त्यामुळं एमआरआय कर नायतर नको करू, पण हे सोडायचं नाही: दर आठवड्याला नाही जमलं तर प्रत्येक भेटीला तरी डोक्याचा घेर टेपनं मोजून कार्डावर लिहून घ्यायचा, ब्लीडिंग झालेल्या लेकरात घेर भराभर वाढला तर लगेच कळायला पायजे. कानाची बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची, ती पण करायची. आणि वय कायम मूळ तारखेपासून धरायचं, शेजारणीच्या पोराशी जन्मतारखेवरून तुलना केलीस तर रडत बसशील.

अजून एक फुकटचं सांगते. मूळ तारखेपासून तीन महिने झाले की, लेकरू जागं आणि खुशीत असताना, हातपाय उघडे ठेवून, सतरंजीवर उताणं झोपव आणि खुळखुळा न वाजवता, तोंडासमोर कुणी न जाता, चार-पाच मिनिटं मोबाईलवर व्हिडिओ काढ. त्या वयात लेकराच्या हातापायांत, मानेत बारीक बारीक गोल हालचाली सतत चालू असतात, त्या आहेत का नाहीत यावरून शिकलेला डॉक्टर नायतर फिजिओ मेंदूच्या तारांबद्दल बरंच सांगतो, एमआरआयसोबत जोडून बघितलं तर अजून पक्कं. सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून चालू आहे तो, अशा लेकरांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय ठेवलीये, डीईआयसी म्हणतात, आशाताईला विचार तुमच्याकडं कुठं आणि कुठल्या वारी बसतात, पैसे लागत नाहीत.

आणि छातीशी धरणं चालू आहे ना? घरी आलं म्हणून सोडू नको, ती सहन करते तोवर उघड्या अंगाला उघडं अंग लावून धर, मालकांना पण धरायला लाव, लाजतील पहिले दोन दिवस. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास पेट्या कमी पडल्या म्हणून हे सुरू झालं. तिथं असं वाढवलेली आणि पेटीतच वाढवलेली लेकरं वीस वर्षांची झाल्यावर त्यांचे एमआरआय केले, तर छातीशी धरलेल्यांच्या मेंदूचे काही भाग मोठे भरले. भावाला हे पाठवायला सांग की! जिनिव्हात तर ३२ आठवड्यांच्या आतल्या लेकरांना मुद्दाम बनवलेलं संगीत ऐकवून एमआरआय केले, २०१९ ला आलं ते, ऐकलेल्यांच्या मेंदूतल्या जोडण्या पूर्ण दिवसांच्या लेकरांच्या जवळ गेलेल्या दिसल्या. आणि वाद्यं निवडताना लेकरं सगळ्यात जास्त कशाला शांत झाली म्हणशील, आपल्या गारुड्याच्या पुंगीला! सासूबाईंना म्हणावं तुम्ही ओवी म्हणा, हळू आवाजात. मोबाईलवरचं गाणं कानाशी नको.

करायचं ठरलंच तर त्या दिवशीचं ऐक, कारण इथं माझ्या घरातच पचका झालाय. माझ्या बहिणीचा नातू, तो पण आठव्यातला, एका शहरातल्या सेंटरला नेला. करदोडा काढला, वाळे काढले, मनगटातले नजरेचे काळे मणी काढले, झबल्याला टिचबटण होतं ते बदललं, लंगोटाची पिन काढली. लेकरू पाजून झोपवलं, आत गेलं, खडखडाट सुरू झाला, आणि दहा मिनिटांत मशीन चालवणारा पोरगा बाहेर येऊन म्हणतो, डोक्याच्या मागं काळा डाग यायलाय, मेंदू दिसंना. आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, बहीण तर खालीच बसली. निघालं काय, कुंची! बहिणीनी स्वतःच्या जुन्या साडीच्या काठाची शिवलेली, काठाला जर, जरीत धातूची तार. नुसता फोटो खराब झाला हे नशीब, धातूची तार अंगाला लागून चटका पण बसू शकतो. कुंची काढली तोवर लेकरू जागं झालं, ते परत झोपायला अडीच तास. बाहेर सगळं विचारून घ्यायला पायजे होतं ना त्यांनी, नाही घेतलं. आणि कानाला काय लावणार विचारलं तर कापूस दाखवला, नुसता कापूस, एवढ्या आवाजाला! मी माझ्या पर्समधले इअरप्लग काढून दिले आणि वरून त्यांचं मोठ्यांचं हेडफोन टॉवेलनं बसवलं.

म्हणून तू आधीच फोन करून विचार की नवजात बाळाला कानात मऊ प्लग आणि वरून इअरमफ असं दोन्ही लावता का, आत सोबत पल्स बघायचं यंत्र एमआरआयला चालणारं आहे का, भूल न देता करता का. भूल द्यायचीच म्हणले तर तिथं लेकरांची भूल देणारा डॉक्टर हजर पायजे आणि उपाशी किती तास ठेवायचं ते तेच सांगतील, तुझ्या मनानं नाही. भूल नसेल तर उलटं, रातच्याला सारखी झोपू देऊ नको, नंबर लागायच्या अर्धा तास आधी पोटभर पाज, ढेकर काढ, लंगोट बदल, सुती दुपट्यात घट्ट गुंडाळ आणि अंगावरच झोपव, गाढ झोपली की मगच ठेवायला दे. अर्धा-पाऊण तास लागतो. तुला आत थांबू देत असतील तर मंगळसूत्र, जोडवी, आकडे, पिना, मोबाईल सगळं बाहेर सासूबाईंच्या ओटीत ठेव. आणि कुणी कितीही घाई केली तरी साधं ऑक्सिजनचं सिलेंडर त्या खोलीत न्यायचं नाही, मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतो, मुंबईत २०१८ मधे यातच एका नातेवाईकाचा जीव गेला होता.

कुंची घरीच ठेव. बिनजरीचं सुती टोपडं ने, ते पण मशीनपर्यंतच. आणि आरओपीचं काय निघालं ते मला दोन ओळीत कळव, मी वाट बघते.